तुमच्या पायाखालचा ब्रेक

अण्णा, गाडीतली तुमची सीट काढली. डावीकडची, शिकवायला बसायचात ती. चार बोल्ट होते, त्यातले दोन गंजून असे धरून बसले होते की मेकॅनिककाकांनी त्यांच्यावर तेल सोडून गाडी दिवसभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सीट बाहेर आली आणि तिच्याखाली एक मोडका कंगवा निघाला, शिकाऊ लायसनसाठी काढलेला कुठल्याशा बाईंचा फोटो निघाला, आणि एक काडेपेटी. काडेपेटी हातात घेऊन मी गॅरेजच्या दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. पंचेचाळिशीच्या बाईने काडेपेटीसाठी रडायचं म्हणजे काकांनाही काय बोलावं सुचलं नसतं. ते आपले पाना शोधल्यासारखं करत राहिले.

तुमचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे ही एक आठशे सीसीची गाडी, टपावर लाल अक्षराची पाटी, आणि पेठ रोडच्या बाजूचं ते मोकळं मैदान. किती माणसं शिकून गेली तिथे. ओझरच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बायका, पिंपळगावचे द्राक्षवाले, एक निवृत्त हेडमास्तर, जे वळायच्या आधी दर वेळी मोठ्याने 'आता डावीकडे' म्हणायचे. त्यांच्या शेजारी तुम्ही, आणि तुमच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याचा पाय चुकला की तुमचा पाय जायचा, आणि आतल्या दांडीमुळे त्याच्या पायाखालचं पेडलही आपोआप खाली ओढलं जायचं. डॅशबोर्डवर काडेपेटी उभी करायची, ही तुमची पद्धत. गाडी अशी थांबवायची की काडेपेटी पडली नाही पाहिजे. "काडेपेटीला कळता कामा नये, आपण थांबलो ते," असं तुम्ही प्रत्येकाला म्हणायचात. मैदानात तेलाचे दोन रिकामे डबे ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायला लावायचात, आणि मला मात्र तोच आकडा दुप्पट वेगात. हेडमास्तरांना हळू आणि मला जोरात का, असं विचारलं तर म्हणायचात, "त्यांना बाजारात जायचंय. तुला कुठे जायचंय ते तूच सांगत असतेस."

मला शर्यतीत जायचं होतं. हे मी अठराव्या वर्षापासून घरभर सांगत फिरत होते आणि पुढे वीस वर्षं न गेल्याचं कारणही सांगत फिरले. सातपूरच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. तिथे चहाला गाड्यांचा विषय निघाला की मी हमखास म्हणायची, "मी रॅली करणार होते, पण आमच्या अण्णांनी जाऊ दिलं नाही." लोक च् च् करायचे, आणि मला बरं वाटायचं. यंदा एका नवीन मुलीने मोबाइलवर एक पत्रक दाखवलं. सिन्नरच्या बाजूला माळावर ऑटोक्रॉस होता, मातीच्या मैदानात शंकू मांडून एका वेळी एकच गाडी सोडायची, शर्यत घड्याळाशी, आणि नवशिक्यांना वेगळा गट. मी सवयीने तेच वाक्य म्हटलं. ती चहात बिस्किट बुडवत म्हणाली, "पण मॅडम, आता कोण अडवतंय?" संध्याकाळी घरी आले, गाडीवरचं कव्हर काढलं आणि तशीच काकांकडे घेऊन गेले.

काका म्हणजे आपले अंबड लिंक रोडचे, तुमच्या वेळेपासून या गाडीला हात लावणारे. आता पाठीतून वाकलेत, पण बोलणं तेच. मी त्यांना विचारलं, इंजिनाचं काय काय करायचं, सायलेन्सर मोठा बसवायचा का, रुंद टायर घ्यायचे का. त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "ताई, इंजिनाला हात लावायचा नाय. पैसा हाय का उधळायला? नाय ना. मग आधी थांबायचं बघा. ब्रेकचे पॅड बदलू, तेल बदलू. टायर वापरलेले चालतील, पण नक्षी शाबूत पायजे. बॅटरी घट्ट बांधू. हेल्मेट तेवढं कोणाचं जुनं घेऊ नका, ते नवीनच घ्या. आन् उरलेल्या पैशात पेट्रोल भरा, मैदानात जाऊन आठचे आकडे काढा." मी हसले. तुमचंच वाक्य त्यांनी तेल पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं जणू. मग महिनाभर रविवारी सकाळी मी दोन डबे घेऊन मैदान शोधत हिंडले, कारण पेठ रोडच्या आपल्या मैदानावर आता इमारत आहे. मखमलाबादच्या पुढे एक जागा सापडली. शाळेतले बूट घातलेल्या दोन मुली कुंपणावर बसून माझे डबे पडले की टाळ्या वाजवायच्या.

डबे सारखे पडायचे, अण्णा. आणि वळणाच्या तोंडाशी आले की मी डावीकडे बघायची. तुमचा पाय दिसतो का ते.

तो दिवस तुम्हाला सांगायला नको, पण मला एकदा सरळ सांगून टाकायचा आहे. तेव्हा स्कूलसाठी दुसरी गाडी आली होती आणि ही घरची झाली होती, दुसरा ब्रेक तसाच ठेवून. मी तेवीस वर्षांची. रॅलीचा फॉर्म भरून झाला होता, शर्यत पुढच्या रविवारी होती. लोकांना मी काहीही सांगत असले तरी त्या फॉर्मवर गाडीचे मालक म्हणून तुमची सही होती, झोकदार, खाली दोन टिंबं दिलेली. सरावाला आपण गंगापूर धरणाच्या मागच्या कच्च्या रस्त्याला गेलो. तुम्ही शेजारी, हात मांडीवर, पाय पेडलवर. मी जोरात होते. वळण घेतलं आणि शेतातून वैरणीचा भारा लादलेली सायकल रस्त्यात आली. भाऱ्याच्या मागे माणूस असेल एवढाच अंदाज. गाडी घसरली, तिरकी झाली, थांबली. धूळ खाली बसली तेव्हा सायकल बंपरपासून हातभर लांब होती आणि एक म्हातारा आपल्याला शिव्या न देता नुसता बघत होता. मी डावीकडे पाहिलं. तुमचा पाय पेडलवर, पेडल खालपर्यंत दाबलेलं.

"तुम्ही ब्रेक मारलात," मी म्हणाले.

"नाही. मी नाही मारला. तूच मारलास," तुम्ही म्हणालात. "आणि वेळेवर मारलास."

"पाय दिसतोय मला तुमचा. कशाला खोटं बोलता? तुमचा माझ्यावर विश्वासच नाहीये. असा पाय ठेवून बसणार असाल तर मला नाही जायचं शर्यतीला."

तुम्ही पाय उचललात, पेडलकडे पाहिलंत, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. मी ऐकायला थांबले नाही. खाली उतरले आणि पाय आपटत डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेले, तिथून मिळेल त्या जीपने घरी. पुढचा रविवार आला आणि गेला. तुम्ही एकदा म्हणालात, "फॉर्म तुझा आहे, गाडी दारात आहे." मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही होतात, आपण जेवायला रोज समोरासमोर बसत होतो, भाजीत मीठ कमी आहे, लाइट बिल भरलं का, सगळं बोलत होतो. पण मी तुमच्या शेजारी पुन्हा गाडी चालवली नाही. पावसाळा सरताना एकदा तुम्ही किल्ली बोटावर फिरवत स्वयंपाकघराच्या दाराशी आलात. मी पोळ्या लाटत होते. "चल, धरणापर्यंत जाऊन येऊ, तू चालव," म्हणालात. मी म्हटलं, पोळ्या व्हायच्यात. चारच पोळ्या राहिल्या होत्या. तुम्ही किल्ली खुंटीला अडकवलीत. ती किल्ली खुंटीला लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि त्या चार पोळ्या मी आज गॅस बंद करून तशाच टाकून आले असते.

आता गॅरेजमधलं. गाडी हलकी करायला सीट काढली, ती निघाल्यावर मी काकांना म्हटलं, तो दुसरा ब्रेकही काढा, शर्यतीआधीच्या तपासणीत चालणार नाही. काका आत वाकले, हात घातला, आणि म्हणाले, "पेडल काढतो. पण दांडी कुठाय हिला? दांडी मी तेव्हाच काढलीय ना." मला कळलं नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी? काका मागे सरकून बसले, हात पुसले. "तुमच्या त्या रेसच्या आधी. अण्णा आले, म्हणले, ही दांडी काढून टाक, पोरीच्या गाडीत माझा ब्रेक नको. मी म्हणलं, पेडल पण काढू का? तर म्हणले, राहू दे, पाय कुठं ठेवू मी. आन् म्हणले, तिला सांगू नको, घाबरंल. रेसच्या सकाळी मीच सांगतो." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला माहीत नाय?"

म्हणजे त्या दिवशी तुमच्या पायाखाली काहीच नव्हतं. पाय गेला तो वीस वर्षांच्या सवयीने गेला, आणि मी मात्र तुम्हाला खोटारडं ठरवून जीपमध्ये बसले. तुम्ही किती घाबरला असाल, अण्णा. माझ्या शेजारी, त्या वेगात, ब्रेक नसताना, हात मांडीवर ठेवून. आणि तरी पहिलं वाक्य बोललात ते 'वेळेवर मारलास'. काकांनी पेडल काढून माझ्या हातात दिलं. त्याचं रबर तुमच्या चपलेने एका बाजूला गुळगुळीत झालं आहे. मी ते घरी आणलं. कुठे ठेवायचं ते कळेना, म्हणून फळीवर, चहासाखरेच्या डब्यांशेजारी ठेवलंय. आई असती तर म्हणाली असती, काय हे भंगार स्वयंपाकघरात.

शर्यत दोन रविवारांपूर्वी झाली. माळावर मुरूम, ऊन, भेळेची एक गाडी, आणि आपली आठशे सोडून बाकीच्या सगळ्या गाड्या तिच्यापेक्षा तरुण. तपासणाऱ्या माणसाने बॅटरी हलवून पाहिली, हेल्मेट पाहिलं, आणि गाडीत एकही सुटी वस्तू नको म्हणाला. मी खिशातली काडेपेटी त्याच्याकडे ठेवायला दिली. तो म्हणाला, ताई, सिगारेट नंतर. झेंडा पडला आणि मी निघाले. पहिला शंकू, दुसरा, मग उजवीकडचं लांब वळण, आणि त्याच्या तोंडाशी मी डावीकडे पाहिलं. तिथे सीट नव्हती, नुसता पत्रा आणि त्यावर चार भोकं. मग ब्रेक मीच मारला. वेळेवर मारला. शेवटच्या आठच्या आकड्यात एक शंकू पाडला, त्याचे सेकंद वाढले, आणि आमच्या गटात मी शेवटून दुसरी आले. खाली उतरले तेव्हा मी हसत होते. सांगायला तुम्ही हवे होतात. बाकी कोणाला सांगितलं तर ते नुसतं 'वा' म्हणतात, कितव्या वळणाला कितवा गिअर होता ते कोणी विचारत नाही. दुसरा होता, अण्णा. तुम्ही म्हणाला असतात, पहिला टाकून बघायचा होता.

आता जे काकांनाही सांगितलेलं नाही ते. तुम्ही ब्रेक मारला असतात तर पेडल माझ्या पायाखालून आपोआप खाली गेलं असतं. शिकताना ते इतक्या वेळा गेलं होतं की झोपेतही ओळखलं असतं. त्या दिवशी ते गेलं नव्हतं. माझ्या तळव्याला शेवटपर्यंत भिडून होतं आणि मी सगळ्या अंगाचा भार टाकून ते दाबत होते, माझी मांडी दोन दिवस दुखत होती. मला माहीत होतं. तुमचा पाय दिसायच्या आधीच माहीत होतं. शर्यतीची मला खूप भीती वाटत होती, आणि तुम्ही काही केल्या 'नाही' म्हणत नव्हतात. सही दिलीत, गाडी दिलीत. म्हणून शेवटी तो नकार मीच तुमच्या तोंडी घातला, आणि तुम्ही गेल्यावरही तो तिथेच ठेवला.

हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेवणार होते, पण पुढच्या वेळी तपासणीत सुटी वस्तू म्हणून तेही बाहेर काढावं लागेल. तेव्हा ते फळीवर, पेडलखाली. आणि एक राहिलं. त्या दिवशी माळावर माझ्यानंतरच्या नंबरची मुलगी, असेल विशीची, हेल्मेट चढवता चढवता मला म्हणाली, "काकू, तुम्ही इतक्या उशिरा का सुरू केलं?" काकांनी सगळं सांगून आठवडा झाला होता. तुमचा पाय सवयीने जायचा तशी माझी जीभ गेली. "आमच्या अण्णांनी जाऊ दिलं नाही," मी म्हणाले. तिचे कान तोवर हेल्मेटमध्ये गेले होते. तिला ऐकू आलं नसेल, असं मी धरून चालले आहे.