पडद्यावरचे चेअरमन आणि दुधाच्या पावत्या

पारनेर,
ता. ६ जानेवारी १९९८

तीर्थरूप श्रीमंतदाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे बन्सीचा, वाकून नमस्कार. अक्काचा गुडघा आता कसा आहे? आमच्याकडे सगळे बरे, फक्त माझी नोकरी जरा आजारी आहे आणि (राग मानू नका) ते दुखणं तुमच्या हातून लागलंय.

दिवाळीत तुम्ही तुमच्या हापिसातला जुना कॉम्प्युटर आमच्या दूध संस्थेला मिळवून दिलात, उपकार झाले. पण वर हौसेनं चेअरमन रंगनाथअण्णांचा फेट्यातला रंगीत फोटो पुण्याहून स्कॅन करून आणलात आणि अख्ख्या पडद्यावर बसवलात, तिथं घोटाळा झाला. पहिल्या दिवशी संचालकांनी मॉनिटरला हार घातला. (दोन दिवस मी झेंडूच्या फटीतून फॅटचे आकडे वाचत होतो.) त्या मशीनची मेमरी ती केवढी, चार एमबी. एक पावती काढून खिडकी बंद केली की अण्णा नव्यानं प्रकट होतात. आधी फेटा, मग कपाळ, मग मिशीची एक बाजू. दुसरी बाजू येईपर्यंत पुढची पावती निघत नाही. परवा रांगेतल्या भागिरथीकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बन्सी, अण्णा उगवस्तोवर म्हस पुन्यांदा पिळायची येळ हुती की रं."

शेवटी नगरच्या एका क्लासवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, एवढा मोठा फोटो मेमरीत ऐसपैस बसल्यावर कामाला जागा कुठून राहणार, काढून टाका. सोमवारी जीव मुठीत धरून काढला. नुसता हिरवा पडदा राहिला आणि पावत्या अशा सटासट निघाल्या की सातलाच रांग संपली. आठ वाजता गावात बातमी, बन्सी फुटला. संस्थेची निवडणूक पंधरा दिवसांवर, आणि मी अण्णांना खाली उतरवलं, म्हणजे विरोधी पॅनेलला मिळालो. अण्णा आले, पडद्याकडे पाहिलं आणि चहाला हात न लावता गेले. दहा वर्षांची नोकरी आहे दाजी, पोरगी यंदा दहावीला. मी मुकाट्यानं फोटो परत चढवला. आता रांग पुन्हा शाळेच्या भिंतीपर्यंत जाते आणि लोक दुसऱ्या डेअरीला दूध घालायची भाषा करतात.

बाकी क्षेम. पोरांना आशीर्वाद.

आपला,
बन्सी

ता.क. : पत्राचं खरं कारण असं की, तुम्ही अण्णांना चार ओळी टाईप करून धाडा. फोटो रोज पडद्यावर ठेवला की त्याचा रंग विटतो, म्हणून मोठ्या माणसांचे फोटो फक्त पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला लावतात, पुण्यात हीच रीत आहे, असं लिहा. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत.

ता.क. दुसरा : पाकिटाला डिंक आणायला गेलो तेवढ्यात टेबलावरचं हे पत्र अण्णांनी वाचलं. रागावले नाहीत. चहा शुगर निघाल्यामुळं सोडलाय म्हणे. म्हणाले, "मला आधी सांगायचं न्हाई का? एकट्याचा फोटो लोकांच्या डोळ्यावर येतो. काढ त्यो." दाजी, मला अगदी भरून आलं. मग त्यांनी पिशवीतून दुसरा फोटो काढून माझ्या हातात दिला. अख्ख्या संचालक मंडळाचा आहे. अकराजण, दोन रांगांत. तर तुमच्या हापिसात माझ्यासाठी एखादी जागा निघते का, तेवढं बघा.