ट्रकमध्ये न चढलेला जवळा

आये, आम्ही दिव्याची खोली सोडली. तुझ्या जावयाची कंपनी नागपूरला गेली, मग आम्ही पण गेलो. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, तिथे खाडी आहे का. नाही गं. पण मला भीती होती ती दुसरीच. पोरगी अजून रांगते, तिला काही झालं तर परक्या गावात विचारू कुणाला? दिव्यात निदान शेजारची ताई होती. आणि तू. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी पोरीचं काहीही असलं की मी आधी मनात तुलाच विचारते, आये, ही रडते का, आये, हिला पेज देऊ की नको.

सामान बघायला पॅकर्सवाला आला. घरभर फिरला आणि नाही नाहीच म्हणत सुटला. गॅसचा सिलेंडर नाही, तेलाचा डबा नाही, लोणच्याची बरणी नाही, कढीपत्त्याची कुंडी नाही, माचीस पण नाही. सोनं असेल तर अंगावर घाला म्हणाला, देव तुमचे तुम्ही न्या. मी म्हटलं, मग नेता काय? तर म्हणे कपाट, पलंग, मशीन. म्हणजे चूल पेटवायला लागतं ते सोडून सगळं. मग त्याला जवळ्याची पिशवी दिसली. "वहिनी, सुकी मच्छी तर अजिबात नाही. आमच्या गाडीत दुसऱ्याचा सोफा पण असतो."

आता तो जवळा काय मी टाकून देणार? काकीने माहेरी सुकवून खास माझ्यासाठी ठेवलेला. तू विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसायचीस, मी बाजूला गोणपाटावर. एकदा एक बाई नाक धरून गेली, तर मी पण नाक धरलं, गंमत म्हणून. तू पाठीत धपाटा घातलास. "भूक लागली का याचाच वास येतो, पोट भरलं का याचीच घाण." आणि मग त्याच हाताने मला भजी घेऊन दिलीस.

तर मी काय केलं, जवळा पिशवीत पिशवी घालून बांधला आणि वॉशिंग मशीनच्या पोटात ठेवला. न्यायच्या दिवशी माणसांनी मशीन उचललं आणि तिथेच खाली ठेवलं. एक जण झाकण उघडून मला विचारतो, वहिनी, मासे मशीनमध्ये धुता का? सगळे हसले, मी पण तोंड लपवून हसले. मग जवळा माझ्याबरोबरच ट्रेनने, पोरीच्या गोधडीत गुंडाळून. डब्यातले लोक सारखे पोरीकडे बघायचे. मी पण तिचा लंगोट बघितल्यासारखं करायचे. बिचारीवर आळ आला.

इथे घर म्हणजे खालच्या दोन खोल्या, वर मालकीण एकटीच. आम्ही पोचलो आणि ट्रकचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाले उद्या. गॅसही नाही, हे गेले त्याच्या मागे. पोरगी भुकेने रडते, थांबत नाही. मागच्या अंगणात विटा पडलेल्या, लाकडाचे तुकडे पण. तू अंगणात मांडायचीस तशी चूल मांडली. पोरीचं पातेलं, तांदूळ आणि ती नाकारलेली माचीस माझ्या पिशवीतच होती. पेज भरवली, ती झोपली, तेव्हा मला कळलं मी सकाळपासून उपाशी आहे. निखारे होतेच. पातेल्याच्या झाकणावर मूठभर जवळा भाजायला टाकला.

आणि वास उठला ना आये, मला डोंबिवलीच आठवली. लग्न झाल्यावर डोंबिवलीत चांगली खोली मिळत होती, मच्छी खातो म्हटल्यावर नाही म्हणाले, म्हणून तर आम्ही दिव्याला गेलेलो. इथे मालकिणीने काही विचारलं नव्हतं आणि ह्यांनी काही सांगितलं नव्हतं. आता सामान यायच्या आधीच घर जाणार. मी ओढणीने धूर हाकलते आहे, तोवर जिन्यावर चपला वाजल्या. मालकीण खाली आली. चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मावशी, परत नाही करणार. ती वाकली. "झिंगे हायेत का वो बाई हे?"

मी म्हटलं, हो, आमच्याकडे जवळा म्हणतात. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, तळ्याकाठचं. तिची आई असेच भाजायची. नवरा गेल्यापासून एकटीसाठी कोण करतं, म्हणाली. वर गेली ती भाकऱ्या, कांदा आणि तिखट घेऊनच खाली आली. हे परत आले तेव्हा आम्ही दोघी चुलीपाशी बसून बोटं चाटत होतो. ह्यांनी विचारलं, माझ्यासाठी? मावशी म्हणाली, उशीर केला ना तुम्ही.

ट्रक दुसऱ्या दिवशी आला, सामान लागलं. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, ते असू दे. एक सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले. काल पोरीचं अंग गरम लागलं. मी घाबरले, तिला उचललं आणि पळत वर गेले. मावशीने तोंडात बोट घालून बघितलं, दात येऊन राहिला म्हणाली, हिरडी चोळून दिली. पोरगी तिच्या मांडीवरच झोपली. खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं, आये. तुला विचारायचं राहूनच गेलं.