कपाटांची वाटणी

असल्फा, घाटकोपर (प.)
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय बर्नार्ड,

कसा आहेस? फोनवर तुला काही ऐकू येत नाही, मग डेल्फिन मधे पडून निरोप पोचवते. मुलीला कशाला त्रास, म्हणून लिहितोय. इकडे बरं आहे. सुयोगला बढती मिळाली. सूनबाईंनी, म्हणजे रुचिराने, गॅलरीत मिरच्या लावल्यात. माझं वजन उतरलंय, पण ते असो.

बातमी अशी की साकीनाक्याचं आपलं कामगार वाचनालय बंद झालं. इमारत पाडणार आहेत. सभासदांना म्हणाले, हवी ती पुस्तकं न्या. मी सुयोगला घेऊन गेलो आणि रिक्षा भरून तुझ्या कपाटांतली पुस्तकं आणली. हो, तुझ्याच. आपण कारखान्यात लेथवर नवे लागलो तेव्हा तूच म्हणाला होतास, "दश्या, एका जन्मात एवढं वाचून होणार नाय. खिडकीकडची कपाटं तुझी, दाराकडची माझी. जेवणाच्या सुट्टीत एकमेकाला सांगायचं." दुसऱ्याच्या कपाटाला हात लावणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असंही ठरलं होतं. इतकी वर्षं मी ते पाळलं.

आता मोडलं. घाई होती. डॉक्टर पावसाळ्यापर्यंतचं बोलले, दिवाळीचा विषय त्यांनी काढला नाही. माझी कपाटं संपली होती. म्हटलं, तुझी निदान चाळून घ्यावीत.

पहिली उघडली ती खलाशाची कादंबरी. तू सांगितलेलं अजून पाठ आहे. खलाशी कित्येक वर्षांनी परततो आणि दार उघडायच्या आधीच बायको त्याला खोकल्यावरून ओळखते. पुस्तकात तो बुडतो रे. बायकोला कधी कळतच नाही. मग ती क्षय झालेली मास्तरीण काढली. तू तिला ठणठणीत बरी करून वांगी लावायला धाडलं होतंस. पुस्तकात ती मरते, आणि अख्ख्या पुस्तकात वांगं नाही.

मी भडकलो. जन्मभर खोटी पुस्तकं डोक्यात घेऊन फिरलो की काय! एकेक तपासत गेलो. बाकीची तू जशीच्या तशी सांगितली होतीस. बदललेली तेवढी एकाच वर्षातली निघाली. जानकी इस्पितळात होती त्या वर्षातली.

दुपारी तू सांगायचास ते संध्याकाळी मी बायकोच्या खाटेशी बसून सांगायचो, हे तुला ठाऊक होतं. मास्तरणीच्या वांग्यांवर ती हसली होती. "तुमच्या बर्नार्डला विचारा, काटेरी की बिनकाट्यांची?" मी विचारलंही. तू डब्यातून मान वर न काढता म्हणालास, "काटेरी. तसंच छापलंय."

तिच्या शेवटच्या आठवड्यात मीच गप्प बसलो की ती म्हणायची, "आज पुस्तक नाही?"

उरलेली पुस्तकं मी बांधून ठेवली. रुचिराने विचारलं, "बाबा, आता वाचत नाही?" म्हटलं, "वाचून झालीत." ती लगेच गेली नाही.

तिला किंवा सुयोगला मी सांगितलेलं नाही. डॉक्टरांकडे एकटाच गेलो होतो. सुयोगने गावाला जायचं विचारलं, तेव्हा म्हटलं, दिवाळीत जाऊ, घराला रंग काढू. तो लागला की बेत करायला. कुठला रंग, किती दिवस, कोण कोण येणार. मला तुझ्यासारखं जमत नाही. पुढचं विचारलं की अडखळतो.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ये. होडीने खाडी ओलांडून बोरिवलीकडे उतर, पुढे तुझा जावई सोडेल. तुला ऐकू येत नाही त्याने काही अडत नाही. ऐकायचंय मला. सुयोग घरीच असेल. त्याच्यासमोर दिवाळीचं तू बोल.

तुझ्या वाचनाचा वाटेकरी,
दशरथ