डाळिंबाची वाटी तुमचीच

आई,

आपली छोटी पूर्वी झोपलीय तेवढ्यात लिहिते. तिचं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलंय. त्याच्या शेजारी ठेवलेली डाळिंबाची वाटी मात्र तुमची आहे. काल लॅबमध्ये डबा उघडला तर भाकरीखालून हीच वाटी निघाली, म्हणून आज डबा मीच भरलाय.

तुम्ही म्हणता, "बालंतिनीला लागतं, माजे म्हाताऱ्या पोटाला त्याचा काय उपेग?" आमच्या लॅबमध्ये सध्या हाच विषय चाललाय. डाळिंबातली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं थेट अंगाला लागत नाहीत. आतड्यातले जिवाणू ती फोडून नवे पदार्थ बनवतात, आणि त्यांनी स्नायूंना बळ येतं का, ते आम्ही तपासतोय. गंमत म्हणजे ते जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. तुमच्यात असले आणि माझ्यात नसले, तर मला चारलेलं एवढं डाळिंब फुकटच गेलं की! आणि खाणं वाया गेलेलं तुम्हाला खपत नाही.

रस गाळू नका, दाणे चावून खा. सकाळची गोळी घ्याच, डाळिंब काही औषध नव्हे.

न्यूमोनियातून उठल्यापासून तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. तुमच्या लेकाला, निकेशला, ते दिसतं. मलाही दिसतं.

पूर्वी आता रांगेल, पळेल, मोठी होईल. तिच्या हळदीला धवले, आपली लग्नाची गाणी, गायला तुम्हीच हव्यात. मला एकही येत नाही.

दिशा