जप त्यांचा, हात पोरांचे

सोम. १९ जाने.
प्रिलिमचे पेपर मिळाले. प्रणालीला गणितात चाळीसपैकी अकरा. बोर्ड महिन्यावर. मंडळाच्या हॉलवर मी घेते त्या अभ्यासिकेत शुक्रवारी दिलेली समीकरणं बघायला तिची वही उघडली तर कोरी. खाली दुसरी वही, मंडळाची, लिखित जपाची. सहा पानं भरलेली, मोत्यासारखं अक्षर. वर नाव : सौ. देसाई. म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांची, देसाईकाकांची बायको.
"बाई, त्यांचा हात दुखतो ना."
बाकीच्यांची दप्तरं बघितली. दहावीची सात मुलं, तिच्यासकट पाच जणांकडे अशाच वह्या. उत्सवाला प्रत्येक कुटुंबाने एकवीस वह्या महाराजांपुढे ठेवायच्या, असा मंडळाचा संकल्प. संकल्प यांनी सोडायचा आणि लिहायचं माझ्या पोरांनी. तेही अभ्यासाच्या वेळात. डोकंच फिरलं.

मंगळ. २०
देसाईकाकांना हॉलवर गाठलं. म्हणे, "नाम लिहून मुलांचं वाईट होणार आहे का?"
म्हटलं, काका, भूक तुम्हाला लागली तर जेवायला दुसऱ्याला बसवता का?
"तुम्ही आपल्याच ना बाई? की आता नामाचंही वावडं?"
मला विचारतात. एकोणीस वर्षं मंडळात आहे. रोज आंघोळ झाली की एक पान लिहिते, मग चहा. माझ्या वह्या मीच भरणार, सातच झाल्या तर सात.
घरी येऊन यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न काढता, "तुका कित्याक होयी ती नसती कटकट?" झालं. मालवणातून निघाले तेव्हापासून यांचं हेच.

बुध. २१
पाचही वह्या पिशवीत घालून देसाईंच्या दारात नेऊन दिल्या. सौ. सोफ्यावर, सिरियल चालू. "अहो, वेळच मिळत नाही हो."
हात दुखतो म्हणे. रिमोट बरा धरता येतो.

शुक्र. २३
काल सत्संगात आरतीनंतर काकांनी माइक घेतला. "काही माणसं नामाच्या आड येतात." नाव नाही घेतलं, पण अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघत होता. नंतर बाजूला घेऊन, गोड आवाजात : पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर अभ्यासिका बंद.
हॉल त्यांचा, किल्ली त्यांची. मुलांच्या घरी बसायला जागा नाही. प्रणालीकडे एका खोलीत सहा माणसं. आणि आमच्या घरी? यांच्या आईचा पलंग लावला की दार पुरतं उघडत नाही. सात मुलं कुठे...
लाज कशी वाटत नाही देसाईंना.

मंगळ. २७
प्रणाली घरी अजून जप लिहितेय. सौ. देसाईंनी परस्पर नवीन वही दिली. मी भडकले, नको ते बोलले. नापास व्हायचंय का, अक्कल गहाण टाकलीस का, वगैरे.
ती ऐकून घेत होती. मग हळूच, "बाई, त्या वहीत चूक होत नाही."
गणिताची वही ठेवून जा म्हटलं.
ती गेल्यावर तिची गणिताची वही पहिल्या पानापासून बघितली. लाल, लाल, नुसतं लाल. 'छान' एकदाही नाही. सबंध वर्षात एकदाही नाही. देसाईंना शिव्या घालतेय आठवडाभर, त्या घालणारच. पण ही वही मीच तपासलीय.

बुध. २८
एकच उदाहरण घेतलं, चार वेळा. चौथ्यांदा जमलं. 'छान' लिहिलं. बघत बसली पोरगी त्याच्याकडे.

गुरु. २९
हॉलवर, मागच्या खुर्चीत बसून लिहितेय. माफी मागायची नाही असं ठरवून आले होते. सकाळी यांनाही तसं सांगितलं.
दारातच प्रणालीची आई भेटली. साकीनाक्याला पॅकिंगच्या कामाला जाते, आज अर्धा दिवस भरून आली. हात धरला माझा. "बाई, मागा माफी. लिहू दे तिला चार पानं त्यांची, काय होतंय. पण क्लास बंद नका पाडू. काल रात्री पहिल्यांदा स्वतःहून गणित घेऊन बसली."
म्हणजे पोर देसाईंनी राबवायची, आणि माफीसाठी हात कोणी जोडायचे माझ्यापुढे, तर तिच्या आईने.
ती पुढे जाऊन प्रणालीशेजारी बसलीय. सारखी वळून माझ्याकडे बघतेय. आरती संपली. काकांनी माझं नाव घेतलं, माइक पुढे केलाय. उठते.