लाल पेन्सिलीचा उपद्व्याप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला, की पाहुणे उठून जावेत म्हणून अजून खोकतात? (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

मी खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण हात धजत नाही. तुला ठाऊकच आहे, मी प्रुफं तपासणारा माणूस. अकरा वर्षं या इमारतीत काढली, पण एकाही शेजाऱ्याचं तोंड नीट पाहिलं नाही. जिन्यात चाहूल लागली की ती विरेपर्यंत दाराआड थांबायचं, हा माझा शिरस्ता. तो मोडला एका सूचनेने. जिन्याखालच्या फळ्यावर कुणीतरी कागद डकवला, 'पाण्याची टाकी धूण्यात येनार आहे.' तीन दिवस मी तिथून डोळे मिटून ये-जा केली. (एकदा पायरी चुकली.) चौथ्या दिवशी राहवेना. लाल पेन्सिलीने दोन्ही चुका दुरुस्त केल्या आणि सवयीने समासात सहीसुद्धा ठोकली.

संध्याकाळी दार वाजलं. सूचना लिहिणाऱ्या शिंपीणबाई उभ्या. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली, तर त्यांना दुकानाची पाटी रंगवायला देण्याआधी मजकूर तपासून हवा होता. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई रजेचा अर्ज घेऊन आल्या आणि जाताना माझा रक्तदाब मोजून गेल्या. (मी मागितलं नव्हतं.) आठवड्याभरात दाराला कडी लावायची सोयच उरली नाही.

मग आले समोरच्या खोलीतले निवृत्त ट्रक ड्रायव्हर. हळू बोलणं जमत नाही म्हणून सगळे त्यांना 'हॉर्न' म्हणतात. मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, हे गेले नाहीत, तेव्हापासून सहा वर्षं अबोला. आता तिला सहा पानी पत्र लिहिलं होतं. फक्त शुद्धलेखन बघा म्हणाले. ताई, पानंच्या पानं आपलं कसं बरोबर होतं यावर! मी खोडत गेलो. खोडता खोडता पाचव्या पानाच्या तळाची एकच ओळ उरली, 'घर खायला उठतं, ये.' ती स्वच्छ अक्षरात लिहून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली आणि कागदाची घडी खिशात घालून निघून गेले. पुढचे आठ दिवस हॉर्न वाजला नाही. सगळी इमारत धास्तावली. मला तर जेवण जाईना. नको तिथे नाक खुपसलं होतं ना.

काल दुपारी जिन्यात एक बाई दिसली, कडेवर लहान मुलगी. समोर कुलूप. मी आपण होऊन (पुन्हा वाच, आपण होऊन) त्यांना आत बसवलं. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण पाच मिनिटांत शिंपीणबाई, नर्सबाई आणि निम्मी इमारत माझ्या प्रुफांच्या गठ्ठ्यांवर बसलेली. इतक्यात भाजीची पिशवी घेऊन हॉर्न आले आणि दारातच थबकले.

त्यांची लेक म्हणाली, "बाबा, एवढं छोटं पत्र तुम्ही लिहिलंत?"

"मोठं होतं गं," ते म्हणाले, आणि इतकं हळू, की मागच्यांना ऐकूच आलं नाही. "यांनी खोडलं."

मग कोण कुणाच्या गळ्यात पडलं ते मला सांगता येणार नाही. नातीने माझा चष्मा ओढून घेतला होता.

आता तूच सांग, असल्या गोंगाटात माणसाने काम कसं करायचं?

तुझा गांजलेला,
धाकटा

ता. क. तुझ्या माळ्यावर जुन्या खुर्च्या पडून आहेत, त्यातल्या चार पाठव. सहा असतील तर सहा.

दुसरा ता. क. माझ्यासाठी तू गावाबाहेर निवांत खोली बघते आहेस, असं भावजींनी कळवलं. ताबडतोब थांबव. निवांतपणा मला सोसत नाही, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं.