भेट राहून गेलेलं घर

१३ जानेवारी

ती. ताईस,
धाकटीचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा कुरकुरतो म्हणून एका ओळीत लिहितेस आणि पुढच्याच ओळीत नवरीचे दोन झगे शिवायला घेतल्याचं सांगतेस. तुझ्या गुडघ्याला तोंड असतं तर त्याने कधीच तुझ्याविरुद्ध अर्ज केला असता. जरा मशीन थांबव आणि पाय वर घेऊन बैस.

आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा घसा धरला होता, आता उतार आहे. ही बातमी रविवारी उपासनेत फुटली आणि सोमवारपासून माझ्या ओट्यावर मधाच्या बाटल्यांची रांग लागली. मंडळी मायेची आहे, त्यात वाद नाही. घरात राबताही भरपूर. सकाळी सेक्रेटरी चर्चची किल्ली न्यायला येतो, मग गायनाच्या बाई कप मागायला येतात, दुपारी ज्यांना काही दुःख आहे ती माणसं येतात. बाहेरची खोली तर माझी कधी नव्हतीच. मी चहा ठेवते आणि दार ओढून घेते. दारापलीकडे कोणाचं तरी मन हलकं होत असतं आणि मी अलीकडे बटाटे सोलत असते. पूर्वी समोरच्या स्टुलावर आई असायची, सालं जाड निघाली म्हणून मला बोलायची. आता जाड निघोत नाहीतर पातळ, विचारणारं कोणी नाही.

गेल्या आठवड्यात बायकांच्या प्रार्थनासभेत प्रत्येकीने आपापली अडचण सांगितली. कोणाची सासू, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाची पाठ. माझी पाळी आली. मी तोंड उघडणार एवढ्यात कोषाध्यक्षांच्या बायकोने सांगितलं की पाळकीणबाईंच्या वतीने आपण पाळकसाहेबांच्या घशासाठी प्रार्थना करू या. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.

आईची खोली आता मोकळी राहिलेली नाही. चर्चच्या घडीच्या खुर्च्या ठेवायला जागा नव्हती. सेक्रेटरीने फार अदबीने विचारलं. घर मंडळीचंच, हरकत कशी घ्यायची, असं ह्यांचं म्हणणं पडलं. मला कोणी विचारलं नाही असं नाही, विचारलं, पण माणसं खुर्च्या घेऊन दारात उभी असताना विचारलं. पलंग होता त्या जागी आता खुर्च्या आहेत.

एक गोष्ट सांगते, ती पोटात ठेव. मला प्रार्थना करता येईनाशी झालीय. गुडघे टेकते, डोळे मिटते, आणि भाजीत मीठ घातलं का तेवढंच आठवतं. इथं हे कोणाला सांगायची सोय नाही. एकीला सांगितलं की रविवारच्या आत सगळ्यांना कळेल, आणि पाळकाच्या घरातच प्रार्थना बंद म्हटल्यावर लोकांनी काय करायचं?

तुझ्या मागच्या खोलीत भाडेकरू आहे का गं? आणि काज-बटणाला तुला बाई हवी होती, ती मिळाली का? सहज विचारते.

प्रेम आहेच, ते पत्रातून येत राहू दे.
तुझी,
धाकटी

२४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू लहानपणापासून ‘सहज विचारते’ म्हणालीस की मी आधी कपाटातल्या बरण्या बघायची, कारण काहीतरी फुटलेलं असायचंच. या वेळी काय फुटलंय ते नीट सांग.

मागची खोली रिकामी आहे. काज-बटणाला बाई मिळालेली नाही, पण तुझे काज मी पाहिले आहेत, त्यातून बटणाऐवजी अंगठा जाईल. तेव्हा नोकरीचं डोक्यातून काढ. बहीण म्हणून ये. फक्त किती दिवसांसाठी ते मोकळेपणी लिही. पाहुणी म्हणून येणार असलीस तर चादर बदलते, कायमची येणार असलीस तर कपाट रिकामं करावं लागेल.

भावजींना यातलं काही ठाऊक आहे का? पाळकाची बायको घर सोडून बहिणीकडे राहू लागली की पाळकाला लोकांसमोर उभं राहणं जड जातं, हे मी तुला सांगायला नको. आज ना उद्या त्यांना ती मंडळी सोडावी लागेल. मी धाक घालत नाही. तू पाळकीण झालीस त्याच्या कितीतरी आधीपासून माझी धाकटी आहेस, आणि माझं दार तुला उघडं आहे. पण त्यांचं चुकलं काय ते मला कळू दे. दारू नाही, हात उगारणं नाही, आवाज चढवणं नाही. या माणसाला रागवायचं कुठून, ते मला सापडत नाही.

खरं सांगू? संध्याकाळी मशीन बंद केलं की माझ्या घरात आवाज म्हणून राहत नाही. तुझे मेहुणे गेल्यापासून रेडिओ लावून जेवते. तू आलीस तर मला हवीच आहेस, आणि म्हणूनच ‘ये’ लिहिताना मी दोनदा थांबले. माझ्या सोयीसाठी तुला बोलावते आहे असं व्हायला नको.

पत्राला उशीर करू नकोस, जीव टांगणीला आहे.
तुझी,
ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

विचारलंस म्हणून लिहिते. तोंडाने मला सांगता आलं नसतं.

आईच्या दफनाच्या दिवशी तू माझ्या शेजारी होतीस, पण तुझ्या डोळ्यांना रुमाल होता, त्यामुळे तुला दिसलं नसेल. शेवटची प्रार्थना झाली. ह्यांनी पुस्तक मिटलं आणि नेहमीप्रमाणे रांगेतल्या एकेकाचा हात हातात घेत आले. आधी मामा, मग तू, मग मी. माझा हात दोन्ही हातांत धरला, प्रभू या कुटुंबाचं सांत्वन करो म्हणाले, आणि पुढच्या बाईकडे सरकले. ताई, या कुटुंबाचं! जसे काही ते पलीकडच्या गल्लीतून आले होते.

मी मनाची समजूत घातली की कामात आहेत, घरी गेल्यावर माझ्याजवळ बसतील. घरी माणसं होती. माणसं गेली तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या बाप्तिस्म्याची तयारी होती. मग ते राहूनच गेलं. आता सहा महिने होत आले. मंडळीत कोणाकडे मयत झाली की हे त्या घरी पुन्हा पुन्हा जातात. गुरुवारची दुपार त्यासाठीच ठेवलेली असते. बसतात, घरच्यांना बोलू देतात, मधे तोंड घालत नाहीत. ह्यांच्याइतकं ऐकून घेणारं माणूस नाही, असं लोक मलाच येऊन सांगतात. मी हसून हो म्हणते. त्या मंडळीत प्रत्येकाला पाळक आहे, मला तेवढा नाही. मला नवरा आहे, आणि तो घरी येतो तेव्हा सगळ्यांचं ऐकून इतका दमलेला असतो की त्याच्यापुढे आणखी एक गाऱ्हाणं मांडायची मला लाज वाटते.

रागवायचं कुठून, असं तू विचारतेस. मलाही सापडत नाही, म्हणून तर आतल्या आत जळते आहे. ते वाईट असते तर बरं झालं असतं.

१० मार्चला सोमवारच्या गाडीने निघते. ह्यांना तुझ्या गुडघ्याचं कारण सांगितलंय. त्यांनी जरूर जा म्हटलं, ताईंना माझा सलाम सांग म्हटलं. परत कधी येणार ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

कपाट रिकामं कर.
तुझीच,
धाकटी

१४ फेब्रुवारी

ती. ताईंस,
प्रभूच्या नावाने सलाम.

आपला गुडघा फार दुखतो असे हिच्याकडून कळले. लवकर आराम पडावा अशी प्रार्थना करतो. आपल्या सेवेसाठी ही येत आहे याचा मला आनंद आहे, असे मी लिहिणार होतो. तीन वेळा लिहिले आणि तीनही कागद फाडले.

ताई, हिने बॅग भरायला घेतली आहे. आठ-पंधरा दिवसांसाठी जाणारे माणूस थंडीचे आणि उन्हाळ्याचे दोन्ही कपडे घेत नाही. भिंतीवरचा सासूबाईंचा फोटोही त्यात गेला आहे, खिळा तेवढा राहिला आहे. विचारावे म्हणून मी दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा चहा मागून परत आलो. लोक आपल्या घरातल्या गोष्टी मला विचारायला येतात. मी कोणाला विचारावे ते मला कळत नाही, म्हणून आपल्याला लिहितो आहे. माझ्या हातून काय झाले?

सासूबाई गेल्यापासून मीही पूर्वीसारखा राहिलेलो नाही. दर शनिवारी मी दुसऱ्या दिवशीचा संदेश त्यांच्या पलंगाशी बसून वाचून दाखवत असे. लांबला की त्या भिंतीकडे कूस वळवत, मग मी तेवढा भाग गाळत असे. आता कोणी कूस वळवत नाही. संदेश लांबतात अशी मंडळीची कुजबुज माझ्या कानावर आली आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, हिलाही नाही.

आपण मोठ्या आहात. जे असेल ते स्पष्ट लिहावे.
आपला नम्र,
पाळक (आज तरी नुसता मेहुणा)

२० फेब्रुवारी

भावजींना,
आशीर्वाद द्यावेत की कान धरावा हे ठरत नाही. दोन्ही गोड मानून घ्या.

माझा गुडघा दुखतो, पण त्याच्यासाठी घरदार सोडून माणूस यावं इतका नाही. यावरून काय ते समजा. धाकटीच्या मनात काय आहे ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे, आणि तुम्ही ते माझ्या पत्रात वाचून मोकळं व्हावं हे मला मुळीच चालणार नाही.

एवढंच विचारते. तुम्ही मंडळीतल्या साऱ्या दुःखी घरांना भेटी देता. एक घर तुमच्याकडून राहून गेलंय. तिथंही गेल्या वर्षी मयत झाली होती आणि अजून कोणी त्यांच्याकडे गेलेलं नाही. पत्ता तुम्हाला पाठ आहे. जाल तेव्हा उपदेश करू नका. आईने कूस वळवली असती असं एक अक्षरही बोलू नका. बसा आणि ऐका. ते तुम्हाला छान जमतं असं ऐकून आहे.

ती माझ्याकडे राहिली तर माझं घर भरेल. हे पत्र लिहिणं मला सोपं गेलं असेल असं समजू नका.

तुमच्या हिताची,
आकडसासू

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तू ह्यांना काय लिहिलंस ते ह्यांनी मला दाखवलं नाही. तू लिहिलंस हे मात्र मी ओळखलं, कारण इतका आगाऊपणा ह्यांना आपल्या आपण सुचणार नाही.

काल गुरुवार. दुपारी पुढच्या दाराची घंटा वाजली. घरची माणसं आमच्याकडे मागच्या दाराने येतात, म्हणून मी हात पुसत, कोणी पाहुणं असेल म्हणत गेले. दार उघडलं तर हे! काळा कोट, काखेत बायबल, हातात हॅट. किल्ली विसरलात का, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की किल्ली खिशात आहे, आपण भेटीला आलो आहोत, बाईंना वेळ नसेल तर पुन्हा येऊ.

मला आधी राग आला बघ. सहा महिन्यांनी ही नाटकं सुचतात! दार लावून घ्यावं असंही मनात येऊन गेलं. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, पायपुसण्याकडे होतं, आणि हॅटची कड ते नुसती चोळत होते. ते घाबरले होते, ताई. मी बाजूला झाले.

मी त्यांची हॅट घेऊन खुंटीला लावली. बाहेरच्या खोलीत त्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसले, जिथं दुःखी माणसं बसतात. तिची एक दांडी हलते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी चहाला उठले तर त्यांनी नको म्हटलं. मग प्रत्येक घरी विचारतात तसं विचारलं, की आई गेल्यापासून घरच्यांचं कसं चाललंय.

मी ठरवून काही बोलले नाही, पण एकदा सुरू झाले ती थांबेना. खुर्च्या, मधाच्या बाटल्या, मिटलेल्या डोळ्यांआड आठवणारं मीठ, सगळं काढलं. शेवटी कबरीजवळचंही सांगितलं, माझा हात धरून सोडून दिल्याचं. मला वाटलं, त्यांना आठवणारही नाही. त्यांना आठवत होतं. त्यांनी सांगितलं की त्या दिवशी त्यांनी कोणाच्याही चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं, खाली मान घालून फक्त हात धरत होते. माझा हात हातात येताच त्यांनी ओळखला. तिथं थांबलो असतो तर पुढचा हात धरता आला नसता, म्हणून आपण तिथून पळालो, आणि तेव्हापासून पळतोच आहोत, असं म्हणाले. मग शनिवारच्या वाचनाचं सांगू लागले. मला वाटायचं, म्हातारीला झोप यावी म्हणून ते वाचतात! आई कूस कशी वळवायची ते सांगताना हसले, आणि हसता हसता रडू लागले. इतकी माणसं त्या खोलीत रडून गेली, हे स्वतः मात्र तिथं पहिल्यांदाच रडले. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

भेटीच्या शेवटी ते प्रार्थना करतात. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. मलाही आला नाही. दोघं मान खाली घालून नुसते बसून राहिलो. याला प्रार्थना म्हणायची की नाही, मला कळत नाही. पण मी एकटी नव्हते, एवढं मला कळत होतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं की ताईंकडून परत कधी येशील. मी आठ दिवसांनी म्हटलं.

तेव्हा मी दहा तारखेला येते, पण आठच दिवस राहणार. तू हिरमुसशील, मला ठाऊक आहे, आणि ते लिहिताना हात जड होतोय. तू माझ्यासाठी काय सोडलंस ते मी जाणते. ह्यांची एवढी एक भेट झाली म्हणून सगळं भरून आलं असंही नाही. आज सकाळी मी पुन्हा एकटीच बटाटे सोलत होते आणि आईच्या खोलीत अजून खुर्च्याच आहेत. यापुढे दर महिन्याला तुझ्याकडे चार दिवस येईन, असं मी ह्यांना सांगूनच टाकलंय. रेडिओ लावायचा नाही, मी बडबडेन.

कालचं एक सांगायचं राहिलं. आम्ही तसे बसलो असताना पुन्हा घंटा वाजली. ह्यांना सवयच, लगेच उठायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि दार उघडायला गेले. सेक्रेटरी होता, कमिटीचं काही तातडीचं काम घेऊन आला होता. पाळकसाहेब आहेत का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की ते एका घरी भेटीला गेलेत, त्या घरात मयत झाली आहे, त्यांना उशीर होईल. त्याने माझ्यामागच्या खुंटीवरची हॅट पाहिली, मला पाहिलं, आणि पायऱ्या उतरून गेला. मी दाराला कडी लावली आणि आत जाऊन पुन्हा ह्यांच्या शेजारी बसले.

माझ्यावरची माया आहे तशी राहू दे, आठ दिवसांची म्हणून कमी करू नकोस.
तुझी,
धाकटी